काळपुळीची डाक्टरीन

ढवसबाई कुठल्याही गावात शिरल्या की पहिला प्रश्न एकच विचारायच्या, ‘‘काय मेलं?’’

राम राम नाही, पिकापाण्याची चौकशी नाही. एक पाय जीपमध्ये, एक जमिनीवर, आणि समोर जो कोणी उभा असेल त्याला, ‘‘काय मेलं बापा तुमच्या इथी एवढ्यात?’’ कोंबडी, कुत्रं, कावळा, माकड, काहीही चालायचं. कोणी बिचकून गेल्या आठवड्यात वारलेल्या आजोबांचं सांगू लागला, तर बाई हात हलवायच्या. ‘‘माणसाचं नको सांगू. माणूस मेला की तुम्ही साऱ्या दुनियेले सांगता. जनावर मेलं की गुपचूप नाल्यात फेकता. मले थे नाल्यातलं सांग.’’

मुलचेऱ्याच्या बाजारात त्यांनी एका बंगाली मासेवालीला भल्या सकाळी हाच प्रश्न विचारला. ती कोयता उगारून म्हणाली, ‘‘दीदी, बोहनी नाही झाली अजून आणि तुम्ही मरण विचारता?’’ बाईंनी मुकाट्याने अर्धा किलो रोहू घेतला, पैसे तिच्या हातावर ठेवले आणि म्हणाल्या, ‘‘झाली बोहनी. आता सांग, काय मेलं?’’ मासेवाली हसली आणि तिनेच सांगितलं की त्यांच्या गावच्या तळ्याकाठी बगळे मरून पडलेत. दुपारच्या आत बाई त्या तळ्याच्या चिखलात गुडघाभर उभ्या होत्या. रोहूचं काय झालं, ते मला माहीत नाही.

डॉ. कांता ढवस आमच्या तालुक्यात जनावरांच्या दवाखान्याच्या डॉक्टर होत्या. लोक त्यांना ढोरायची डाक्टरीन म्हणत. मूळच्या वरोऱ्याकडच्या, कापूसवाल्या घरातल्या. ठेंगण्या, रुंद, आवाज असा की पलीकडच्या पाड्यावरची बैलं माना वर करत. मे महिन्याच्या उन्हातही पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि डोक्यावर ओला दुपट्टा. मी तेव्हा वनरक्षक म्हणून त्या भागात नवी होते. माझं बालपण ऊर्जानगरच्या, वीज केंद्राच्या क्वार्टरमधलं, सायरनवर उठणारं. जंगलातला रोग म्हणजे मलेरिया, इतकंच मला ठाऊक होतं. वाघ, बिबट, अस्वल हे धोके मला समजत होते. बाईंनी मला न दिसणारे धोके दाखवले, पण त्यांची भीती मात्र कधी घातली नाही.

माझी त्यांची पहिली भेट एका अर्जुनाच्या झाडाखाली झाली. शाळेजवळच्या त्या जुन्या झाडावर वटवाघळांची वसाहत होती. मोबाइलवर काहीतरी बघून गावातल्या तरुणांनी ठरवलं होतं, झाड तोडायचं, नाहीतर खाली टायर पेटवायचे. त्यांना रोखायला मला पाठवलं होतं, पण माझं कोण ऐकतो! तेवढ्यात बाई आल्या. सरपंच चांगला शिकलेला, तडफदार पोरगा होता. त्याने विचारलं, ‘‘मॅडम, त्यायच्या अंगात रोग राह्यते की नाई?’’

‘‘राह्यते ना,’’ बाई म्हणाल्या. ‘‘त्यायच्या अंगात थो गुमान राह्यते. आजचा नाई, आपल्या आज्या-पणज्याच्या आधीपासून. आता तू टायर पेटव. हे सारे उधळतील. मंग बसतील कुठी? तुह्या आंब्यावर, तुह्या विहिरीवर, तुह्या घराच्या आढ्याले. रोगाले तूच हात धरून घरी आणून राह्यला, आन् वरून मलेच विचारते!’’

मग त्यांनी पोरांना बसवून सांगितलं, अर्धवट कुरतडलेलं फळ खायचं नाही, पडलेलं पिल्लू हातात घ्यायचं नाही, झाडाखालच्या माठावर झाकण ठेवायचं. एवढंच. झाड राहिलं. परत जाताना त्या मला म्हणाल्या, ‘‘घरात चूल आहे म्हून कोणी घर सोडते का? चुलीत हात घालू नाई, बस.’’

त्यांचं आणखी एक वेड होतं, कुत्र्यांना लस टोचायचं. जंगलाला लागून असलेल्या प्रत्येक गावात त्या कुत्र्यांमागे धावत. लोक हसत. एक म्हातारा म्हणाला, ‘‘बाई, वाघ आमचे कुत्रे नेते. वाघाले टोचा.’’ बाई थांबल्या. ‘‘भाऊ, तुमचा कुत्रा नाकातून शेंबूड गाळत मरते ना, थो रोग वाघाले लागला तं वाघही तसाच मरते. आपण म्हणतो, जनावर आपल्याले रोग देते. आपण त्यायले काय काय देतो, थे कोण पाह्यते?’’ म्हाताऱ्याने कुत्र्याच्या मानेला धरून त्याला पुढे आणलं.

आता गव्याचं सांगते.

तेंदूपत्त्याचा हंगाम होता. गावंच्या गावं पहाटेपासून जंगलात पानं तोडायला जायची. पाणवठे आटून तळाचा गाळ उघडा पडला होता. माझ्या बीटमध्ये, म्हणजे मी राखायच्या टापूत, एका आटत्या डोहाजवळ मला रानगवा मेलेला दिसला. प्रचंड नर. पोट फुगलेलं, नाकातून आणि गुदद्वारातून काळपट रक्त आलेलं आणि ते गोठलेलं नव्हतं. मागची एक मांडी कुऱ्हाडीने काढून नेलेली होती आणि वर पानं टाकली होती.

मी वर कळवलं. आमचे साहेब, वनक्षेत्रपाल, स्वतः आले, कारण आधीच्या वर्षी याच भागात विजेची तार लावून गवा मारला गेला होता आणि त्यावरून त्यांना वरून बरंच ऐकावं लागलं होतं. साहेब वाईट नव्हते. जंगलावर त्यांचा जीव होता. मांडी कापलेली बघून त्यांचा चेहरा लाल झाला. शवविच्छेदनासाठी बाईंना बोलावलं गेलं. त्या आल्या, लांबूनच उभ्या राहून बघितलं, आणि सगळ्यांना मागे सरकायला सांगितलं. फक्त त्या एकट्या हातमोजे चढवून पुढे गेल्या, कानातून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला आणि परत आल्या.

‘‘मी हा कापणार नाही,’’ त्या साहेबांना म्हणाल्या.

‘‘म्हणजे? शिकार झालीय. विष आहे, शॉक आहे की गोळी, मला कळायला हवं. नियमाने विच्छेदन झालंच पाहिजे.’’

‘‘मला काळपुळीचा, अँथ्रॅक्सचा संशय आहे साहेब. ढोरं यानं पटापट मरतात, माणूसही मरतो. पोट फाडलं की आतल्या जंतूला हवा लागते, तो बी धरतो आणि मातीत निजून राहतो. वर्षानुवर्षं. मग या डोहावर येणारं प्रत्येक जनावर धोक्यात.’’

‘‘संशय म्हणजे खात्री नव्हे.’’

‘‘म्हणून तर पट्टी घेतली. खात्री होईपर्यंत सुरी लागणार नाही.’’

‘‘मी तुम्हाला तशी सूचना देतोय, डॉक्टर.’’

बाईंनी हातमोजे काढून पिशवीत बांधले. त्यांचा शुद्ध भाषेवरचा ताबा सुटला. ‘‘साहेब, तुम्ही सूचना द्या, हुकूम द्या, काय द्यायचं थे द्या. माह्या हातानं हे पोट उघडणार नाई. आन् दुसरा कोणी डॉक्टर आणसान तं मी या गव्याच्या समोर उभी राहीन. मंग आधी मले बाजूले करा.’’

आम्ही सगळे साहेबांकडे बघत होतो. शेवटी साहेब म्हणाले, ‘‘चला, दाखवा तुमची पट्टी.’’

दवाखान्यात बाईंनी काचेवर रंग चढवला, सूक्ष्मदर्शकात बघितलं आणि खुर्ची सोडून साहेबांना बसवलं. मीही बघितलं. निळ्या काड्या, टोकं तासल्यासारख्या, बांबूची पेरं एकापुढे एक जोडावीत तशा. साहेब बराच वेळ डोळा लावून होते. उठले तेव्हा त्यांनी पहिलं काम केलं ते डेपोतून लाकडं सोडण्याचं. गवा जिथे पडला होता तिथेच जाळला. आग जंगलात सरकू नये म्हणून आम्ही भोवतीचा पालापाचोळा झाडून रुंद पट्टा काढला. खालची माती खणून, चुना टाकून पुरली. बाई धुरात डोळे पुसत शेवटपर्यंत उभ्या होत्या.

पण मांडी राहिली होती. ती कुठल्या तरी चुलीवर शिजली होती.

डोहापासून सगळ्यात जवळ एक टोला होता. वीस-पंचवीस घरं, जंगलात राबून, धान पेरून, मोहफुलं-तेंदू गोळा करून जगणारी माणसं. साहेबांचं म्हणणं सरळ होतं. पथक पाठवायचं, घरोघर झडती, नावं, गुन्हा. बाई म्हणाल्या, ‘‘पथक दिसलं की मांस पुरतील आणि माणसं लपवतील. लपलेला माणूस दोन दिवसांत मरेल. तुम्हाला गुन्हेगार पाहिजे, मला पेशंट पाहिजे. मला आधी जाऊ द्या.’’ साहेबांनी तेवढी सवलत दिली.

बाईंनी मला विचारलं, ‘‘येतं का? येत असशीन तं वर्दी काढून ये.’’

मी साडी नेसून गेले. आरोग्य केंद्राच्या सिस्टर गोळ्यांचं खोकं घेऊन बरोबर होत्या. टोल्यावर पोचलो तर माती नुकतीच देऊन आलेली माणसं एका अंगणात बसली होती. एक म्हातारी गेली होती. पोटात कळ, उलटीत रक्त, आणि संपली. त्या दिवशी पहिल्यांदा बाईंनी काय मेलं ते विचारलं नाही. त्या अंगणाच्या कडेला जाऊन खाली बसल्या आणि बराच वेळ बसून राहिल्या.

मग गावचा वडील माणूस, ज्याला तिथे गायता म्हणतात, तो जवळ आला. बाई त्याला म्हणाल्या, ‘‘दादा, कोणाच्या चुलीवर काय शिजलं, थे मले नाई पाहिजे. मी थे विचारणार नाई, आन् कोणी सांगितलं तं मी कान बंद करीन. पण थो गवा रोगानं मेला. त्याच रोगानं बाई गेली. अजून जातील.’’

‘‘आमी काई नाई खाल्लं,’’ गायता म्हणाला.

‘‘बरं. नाई खाल्लं. पण मी त्याच्या कानाले हात लावला.’’ बाईंनी खोक्यातून गोळी काढली, सगळ्यांना दिसेल अशी धरली आणि पाण्याबरोबर गिळली. ‘‘मले भेव वाटून राह्यलं म्हून मी घेतली. तुम्ही साऱ्यायनं घ्या. खाल्लं त्यानं घ्या, नाई खाल्लं त्यानं घ्या. कोणी कोणाकडे पाहाचं काम नाई.’’

पहिली उठली ती एक पोटुशी बाई. सिस्टरांनी तिच्यासाठी आणि लहान लेकरांसाठी वेगळं औषध आणलं होतं. मग एकेक करून सगळा टोला रांगेत आला. शेवटी गायतानेही गोळी घेतली, बाईंकडे न बघता.

निघताना हातपंपाजवळ एक बाई भांडी घासत बसली होती. तिने मान वर न करता सांगितलं, तिचा नवरा शेतातल्या खोपटीत आहे, हाताला फोड आलाय, जंगलवाले येतील म्हणून घरी येत नाही.

खोपटीत तो भिंतीला टेकून बसला होता. उजवा हात कोपरापर्यंत सुजलेला, मधे एक काळा ठिपका, निखारा विझावा तसा. अंगात ताप. गेलेली म्हातारी त्याची आई. तिला दात नव्हते, म्हणून याने मऊसा तुकडा निवडून, निखाऱ्यावर कच्चापक्का भाजून, मानाने तिला आधी दिला होता. बाईंना बघून तो म्हणाला, ‘‘मले राहू द्या इथीच. मले मरू द्या.’’

बाईंनी त्याचा हात उचलून बघितला. ‘‘मरजो ना. कोण नाई म्हणते? आधी बरा हो, मंग पाह्य काय करायचं थे. आता तुले मराले माह्याजवळ टाइम नाई.’’ हे बोलताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. त्यांनी त्याला उठवला, जीपमध्ये बसवला, आणि मला म्हणाल्या, ‘‘तू पुढे जाय. नाक्यावर ड्यूटी आहे ना तुही?’’

माझी ड्यूटी होती. मी सिस्टरांच्या दुचाकीवरून पुढे आले, वर्दी चढवून आमच्या तपासणी नाक्यावर पोचले तर साहेब तिथेच खुर्ची टाकून बसलेले. सवलत संपली होती. टोल्यातून बाहेर पडणारी प्रत्येक गाडी थांबवायची, असा हुकूम होता. थोड्या वेळात धुरळा उडवत बाईंची जीप आली. आडवा दांडा खाली होता. दांड्याची दोरी माझ्या हातात.

साहेब खिडकीशी गेले. मागच्या सीटवर तो दुपट्ट्यात हात गुंडाळून बसला होता.

‘‘हा कोण?’’

‘‘पेशंट.’’

‘‘नाव काय?’’

‘‘काळपुळी,’’ बाई म्हणाल्या.

‘‘मी माणसाचं नाव विचारतोय.’’

‘‘मी रोगाचं सांगितलं. मले तेवढंच माहीत आहे. पत्ता पाहिजे? उजवा हात, कोपराच्या खाली. दाखवू?’’ त्यांनी मागे वळून दुपट्टा बाजूला केला.

साहेबांनी तो हात बघितला. एक पाऊल मागे सरले. तरी ते दांड्यासमोरून हलले नाहीत. ‘‘डॉक्टर, तुम्ही आरोपीला लपवताय. याचा परिणाम होईल.’’

‘‘होऊ द्या. मी डॉक्टर आहे. पकडायचं काम तुमचं, जगवायचं माझं. आज माझी पाळी आहे.’’

मी साहेबांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते. मी दोरी ओढली आणि दांडा वर गेला. साहेब क्षणभर तसेच उभे राहिले, मग बाजूला झाले. त्या दांड्याबद्दल आमच्यात पुन्हा विषय निघाला नाही.

तो माणूस वाचला. टोल्यात आणखी दोघांना फोड आले, तेही वाचले. म्हातारीनंतर कोणी गेलं नाही. त्या माणसाचं नाव बाईंनी पुढे त्यांच्यावर झालेल्या चौकशीतही सांगितलं नाही. चौकशीच्या खोलीबाहेर मी बसले होते, तिथपर्यंत त्यांचा आवाज येत होता. ‘‘नाव विचाराल तं पुढच्या वेळी कोणी दवाखान्यात येणार नाई. घरात मरतील, गुपचूप. मंग तुमच्याजवळ कायदा राहील आन् गावात मढी.’’ मीही नाव सांगितलं नाही. आज लिहितानाही लिहीत नाही.

पावसाळ्याआधी बाईंची बदली झाली. वरोऱ्याला, कचेरीत. लोक म्हणाले, चांगलंच झालं, घरच्या जवळ, पंख्याखाली. निरोपाला शाल-नारळ झालं. आमचे साहेबही आले होते, त्यांनी बाईंच्या निष्ठेबद्दल दोन चांगली वाक्यं म्हटली, आणि ती मनापासून होती असं मला अजून वाटतं. बाई उत्तराला उभ्या राहिल्या. शाल खांद्यावरून काढून खुर्चीवर ठेवली.

‘‘मले इथून काढलं, ठीक आहे. पण रोगाले कोणी काढलं नाई. थो त्या डोहाजवळच्या मातीत आहे. मी रिटायर होईन तरी राहील, मी मरीन तरी राहील. त्याले बदली नाई. म्हून सांगून राह्यली, दर वर्षी ढोरायले टोचा आन् त्या जागी चारू नका. आन् लोकायले भेव दाखवू नका. भेव दाखवलं की माणूस लपते, आन् लपलेल्या माणसाच्या घरात रोग वाढते. बस. चहा थंडा होऊन राह्यला.’’

नंतर फोनवर बोलणं व्हायचं. कचेरीतल्या खुर्चीला त्या खुंटा म्हणायच्या. ‘‘बांधून टाकलं मले,’’ म्हणायच्या, ‘‘पण दावं लांब आहे.’’ सुटीच्या दिवशी स्वतःच्या पैशाने एसटीने आसपासच्या गावांत जाऊन कुत्र्यांना टोचत. एकदा त्यांना कचेरीतून विचारणा झाली की कोणाच्या सांगण्यावरून हे चाललंय. त्यांनी उत्तर दिलं, कुत्र्यांच्या.

मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या. दुखणं छातीचं होतं, जनावरांचं नव्हे. मी वरोऱ्याला गेले तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यांच्या भावाच्या अंगणात बायाबापड्यांची गर्दी होती आणि रस्त्यापलीकडे गावची कुत्री उन्हात पसरली होती. टोल्यावरची माणसं एका पिकअपमधून आली होती, इतक्या लांबून. कोणी रडलं नाही. गायता अंगणाच्या कडेला खाली बसला आणि बराच वेळ बसून राहिला.

तिथून परतल्यावर टोल्यावरची माणसं आणि मी डोहाकडे गेलो. गवा जाळला त्या जागेला गावाने बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलंय. बाईंच्या बदलीनंतरच्या वर्षापासून दर हिवाळ्यात जुने काटे काढून नवे बांधतात. ना त्याला मंजुरी आहे, ना कागद. राखीव जंगलात असं कुंपण घालता येत नाही, हे मला माहीत आहे आणि त्यांनाही.

त्या दिवशी काम चालू असतानाच नवे साहेब फेरीवर आले. तरुण, नुकतेच रुजू झालेले. गाडीतून उतरले, काटे बघितले, माणसं बघितली, कपाळाला आठी पडली.

‘‘हे कुंपण कोणाच्या परवानगीनं?’’

सगळे हात थांबले. वनरक्षकाला असली परवानगी देण्याचा कसलाही अधिकार नसतो.

‘‘माझ्या,’’ मी म्हणाले.

साहेब माझ्याकडे बघत राहिले. मी जागची हलले नाही. आत काय आहे, ते कसं आलं, आत पाय का ठेवायचा नाही, हे सगळं त्यांना सांगायचं होतं आणि मी सांगणार होते. पण मागे माणसं काटे हातात धरून ताटकळली होती. मी वळले.

‘‘थांबले काऊन? बांधा.’’